कुळाचा राखणदार

"तुझा प्राणी कोणता?" हा प्रश्न अलीकडे शाळा-कॉलेजातली मुले एकमेकांना अगदी सहज विचारतात. वडीलधाऱ्यांना वाटते, हा राशीभविष्याचा प्रकार असावा. पण मुलांच्या मनात राशी नसतात. त्यांच्या मनात असतो तो इंग्रजी अद्भुतकथांतून आलेला राखणदार प्राणी. माणसाचा स्वभाव जसा, तसे त्याचे रूप, आणि संकटात तोच धावून येणार.

ज्यांनी या कथा वाचलेल्या नाहीत, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हॅरी पॉटरच्या मालिकेतले तिसरे पुस्तक १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्यात 'डिमेंटर' नावाचे भयंकर जीव आहेत. ते जवळ आले की माणसाच्या मनातला सगळा आनंद शोषला जातो. त्यांना परतवण्याचा उपाय एकच. आपल्या आयुष्यातली सर्वांत सुखाची आठवण मनात आणायची आणि मंत्र म्हणायचा. तो साधला, की छडीतून रुपेरी प्रकाशाचा एक प्राणी झेप घेतो. त्याला म्हणतात 'पॅट्रोनस'. हर्मायनीचे पाणमांजर, लूनाचा ससा, हॅरीचे सांबरासारखे शिंगाळे हरीण, असा प्रत्येकाचा प्राणी वेगळा. त्याआधी १९९५ मध्ये फिलिप पुलमन या लेखकाने आपल्या कादंबरीत 'डीमन' आणले होते. तिथे माणसाचा जीवच प्राण्याच्या रूपात त्याच्या सोबत हिंडतो. लहानपणी तो क्षणात फुलपाखरू, क्षणात मांजर होतो, आणि मूल वयात आले की एकाच रूपात कायमचा ठरतो.

या कल्पनेने तरुण वाचकांना असे झपाटले, की त्यांनी स्वतःच कथा लिहायला सुरुवात केली. आवडत्या पुस्तकातली पात्रे घेऊन चाहत्यांनी रचलेल्या अशा कथांना 'फॅन फिक्शन' म्हणतात. कुणी एका पुस्तकातल्या पात्रांना दुसऱ्या पुस्तकातले डीमन देतो, कुणी स्वतःसाठी लांडगा निवडतो, कुणी घुबड. २०१६ साली तर पॉटरच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रश्नावली सोडवून आपला पॅट्रोनस जाणून घेण्याची सोय झाली. लांडगा मिळाला तो खूश, चिचुंद्री मिळाली तो हिरमुसला!

आता हे सारे आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बसून ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांत असंख्य घरे अशी आहेत, जिथे हा प्रश्न फार जुना आहे. फरक एवढाच, की तिथे तो वेगळ्या शब्दांत विचारतात. "तुझा प्राणी कोणता" असे तिथे कुणी म्हणत नाही. "तू किती देवांचा? तुझे कूळ कोणते?" असे विचारतात. आणि त्या उत्तराच्या पोटात प्राणी असतो, पक्षी असतो, झाड असते.

गोंड समाजाची ही व्यवस्था थोडक्यात पाहू. गोंडांची कुळे देवांच्या संख्येवरून मोठ्या गटांत वाटलेली आहेत. चार देवांना मानणारे, पाच देवांना मानणारे, सहा देवांचे आणि सात देवांचे. एका गटातली सगळी कुळे एकमेकांची भावकी. म्हणून सातदेव्याची मुलगी सातदेव्याच्या घरी जात नाही, सहादेव्याने सहादेव्याशी सोयरीक जोडायची नाही. आडनावे वेगळी असली तरी चालत नाही. ऑस्ट्रियातून आलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात पैनगंगेपलीकडच्या आदिलाबाद भागात राहून राजगोंडांचा अभ्यास केला आणि ही सारी रचना तपशीलवार लिहून ठेवली. पैनगंगा ही आज दोन राज्यांची सीमा आहे. पण नदीच्या दोन्ही काठांवर आडनावे तीच, देव तेच आणि सोयरिकीही एकमेकांत. जिल्ह्यातल्या कोलामांमध्येही देवांच्या संख्येवरून अशीच गटवारी आढळते.

या प्रत्येक कुळाची काही सजीवांशी बांधिलकी असते. काही नाती आडनावातच दडलेली आहेत. गोंडीत 'टेका' म्हणजे साग, त्यावरून टेकाम. 'मर्का' म्हणजे आंबा, त्यावरून मरकाम. सागवानाच्या या जिल्ह्यात टेकाम आडनावाचा माणूस हजेरीपटावर सही करतो, तेव्हा तो न कळत एका झाडाचे नाव लिहीत असतो. गोंडी परंपरेच्या अभ्यासकांच्या मांडणीत ७५० कुळांचा आकडा येतो आणि प्रत्येक कुळाकडे एक प्राणी, एक पक्षी आणि एक वनस्पती सोपवलेली असते, असे सांगितले जाते. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषा आणि श्रद्धापरंपरा यांवर विपुल लिहिले. २०१५ साली ते गेले. त्यांच्या आणि त्यांच्या पिढीच्या लिखाणामुळे ही माहिती पुस्तकांत आली. त्याआधी ती होती परधानांच्या गळ्यात. परधान हे गोंडांचे भाट. किंगरी वाजवत ते प्रत्येक कुळाची कथा गात. कूळ कुठून निघाले, देव कुठे सापडला, वाटेत कोणत्या जीवाने साथ दिली, हे सगळे त्या गाण्यांत असे.

इथे 'सोपवलेली' हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण सगळा फरक त्या एका शब्दात आहे. कथेतला पॅट्रोनस माणसाचे रक्षण करतो. कुळाच्या बाबतीत मात्र रक्षणाची जबाबदारी आधी माणसावर येते. आपल्या कुळाचा प्राणी मारायचा नाही, खायचा नाही, आपले झाड तोडायचे नाही, हा नियम. बाकीच्यांना त्या प्राण्याचे बंधन नाही. त्यांचे बंधन दुसऱ्या प्राण्याचे. अशी शेकडो कुळे एका जंगलात राहतात, तेव्हा प्रत्येक जीवामागे कुणीतरी उभे असते. एकट्याने सगळ्या जंगलाचे रक्षण करायला जावे तर ते कुणालाच झेपणार नाही. पण प्रत्येकाने आपापले तीन जीव सांभाळायचे, एवढे कुणालाही जमते.

जगभरच्या अभ्यासकांनी या चालीला एक नाव दिले आहे, 'टोटेम'. या शब्दाचा इतिहास मोठा गमतीचा आहे आणि आपल्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे. हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांचा. केसाळ कातड्यांचा व्यापार करणारा जॉन लाँग नावाचा एक इंग्रज त्यांच्यात वावरला आणि १७९१ साली लंडनमध्ये त्याने आपल्या प्रवासाचे पुस्तक छापले. त्यात त्याने लिहिले, की इथल्या प्रत्येक माणसाचा स्वतःचा एक आवडता आत्मा असतो, तो प्राण्याच्या रूपात त्याची राखण करतो, म्हणून तो माणूस त्या जातीच्या प्राण्याला मारत नाही. याला त्याने 'टोटम' म्हटले.

वस्तुतः लाँगने दोन गोष्टींची सरमिसळ केली होती. ओजिब्वे लोकांत दोन्ही चाली होत्या. एक म्हणजे, वयात येणारा मुलगा एकटा रानात जाई, उपास करी, आणि स्वप्नात जो प्राणी दिसे त्याला आपला राखणदार मानी. हा राखणदार एकट्या माणसाचा. दुसरी चाल म्हणजे कुळाचा प्राणी. अस्वलाचे कूळ, बगळ्याचे कूळ, माशाचे कूळ. तो वंशाने मिळतो, आणि एका कुळात लग्न होत नाही. 'टोटेम' हा शब्द खरा या दुसऱ्या चालीचा. ज्या मूळ शब्दापासून तो आला, त्याचा अर्थच मुळी 'हा माझा नातलग आहे' असा होतो. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ मध्ये या विषयावर लिहिलेल्या पुस्तकात ही सरमिसळ उलगडून दाखवली. माणसे प्राण्यांची निवड त्यांच्या मांसासाठी करत नाहीत, तर स्वतःच्या समाजाची रचना समजून घ्यायला प्राणी उपयोगी पडतात म्हणून करतात, असे त्यांचे म्हणणे. अस्वल आणि बगळा जसे वेगळे, तसे आपण आणि ते वेगळे. पण दोघेही एकाच रानातले.

म्हणजे आजच्या मुलांचा पॅट्रोनस हा ओजिब्वे मुलाच्या स्वप्नातल्या राखणदाराच्या जवळचा, आणि यवतमाळच्या गोंडाचा प्राणी हा कुळाच्या टोटेमच्या जवळचा. एक सांगतो 'मी कसा आहे', दुसरा सांगतो 'मी कुणाचा आहे'.

हे सगळे फक्त आदिवासी समाजात चालते, असे कुणी समजू नये. मराठी घरांत लग्नाच्या आधी देवक बसवतात. पंचपल्लव, कळंब, कमळ, गरुडाचे पीस असे कोणाचे काय काय देवक असते. मोरे घराण्याचे देवक मोरपीस. आर. ई. एंथोवेन या अधिकाऱ्याने १९२० च्या सुमारास मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींवर जे तीन खंड प्रसिद्ध केले, त्यांत अशा देवकांच्या याद्या आहेत. ज्यांचे देवक एक, त्यांच्यात लग्न होत नाही, हा नियमही त्यात नोंदलेला आहे. आज मांडवात देवक बसवताना गुरुजी जे आणा म्हणतात ते आपण आणतो, फोटो काढतो आणि पुढच्या विधीला लागतो. पण तो डहाळा किंवा ते पीस म्हणजे एका जुन्या नात्याची खूण आहे.

स्वभावाचा प्राणीही आपल्याकडे आहेच. पत्रिका जुळवताना छत्तीस गुण पाहतात, त्यात चार गुण 'योनी'चे असतात. प्रत्येक नक्षत्राला एक प्राणी दिलेला आहे. घोडा, हत्ती, मेंढा, सर्प, श्वान, मांजर, उंदीर, गाय, म्हैस, वाघ, हरीण, वानर, मुंगूस आणि सिंह, असे एकूण चौदा. सर्प आणि मुंगूस यांचे वैर, मांजर आणि उंदीर यांचे वैर, गाय आणि वाघ यांचे वैर. पत्रिकेवर विश्वास ठेवावा की नाही, हा आजचा विषय नाही. मुद्दा असा, की हा प्राणीदेखील माणसाला एकट्याने मिरवण्यासाठी दिलेला नाही. तो पाहतात तो सोयरीक जुळवताना. देवकही लग्नातच आठवते, कूळही लग्नातच विचारतात. आपल्याकडे प्राण्याची आठवण होते ती नवे नाते जोडायच्या वेळी.

याचे एक जिवंत उदाहरण पैनगंगेच्या पलीकडे आहे. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूर येथे दरवर्षी पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. नागोबा हा मेश्राम कुळाचा देव. आपल्या जिल्ह्यातूनही गोंड आणि परधान कुटुंबे या जत्रेला जातात. मेश्राम कुळातली मंडळी पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, त्या पाण्याने पूजा होते. आणि मग एक विधी असतो, त्याला 'भेटिंग' म्हणतात. वर्षभरात मेश्राम कुळात लग्न होऊन आलेल्या सुनांची नागोबाशी भेट घडवतात. पांढरी वस्त्रे नेसलेल्या या सुना देवापुढे येतात, वडीलधारी बाई त्यांची ओळख करून देते, आणि त्यानंतरच त्या पूर्णपणे कुळाच्या होतात. एका नागाला सांगायचे, की ही आमची सून आहे, हिला ओळखून ठेव. यात सुनेचा स्वभाव कसा आहे, ती नागासारखी आहे की सशासारखी, हे कुणी विचारत नाही. ती आता कुणाची आहे, एवढेच सांगितले जाते.

आणि गंमत पाहा. ज्या इंग्रजी कथांवरून आपण सुरुवात केली, त्यांतही शेवटी हेच निघते. हॅरीचा पॅट्रोनस हरीण का? त्याचा स्वतःचा स्वभाव हरणासारखा म्हणून नव्हे. त्याचे दिवंगत वडील हरणाचे रूप घेऊ शकत, म्हणून. पुढे सहाव्या पुस्तकात टाँक्स नावाची मुलगी प्रेमात पडते आणि तिच्या राखणदाराचे रूपच बदलते. ज्याच्यावर तिचे प्रेम आहे, त्या माणसाची खूण त्यात उतरते. सातव्या पुस्तकात स्नेप या कडवट मास्तरांची हरिणी दिसते आणि वाचकाला कळते, की हॅरीच्या आईवर या माणसाने आयुष्यभर प्रेम केले. कारण तिचाही राखणदार हरिणीच होती. मालिकेतली सर्वांत हृद्य ठिकाणे ही अशी. प्रश्नावलीत मुले आपला स्वभाव शोधतात, पण कथा वाचताना डोळ्यांत पाणी येते ते नाते सापडल्यावर. या कथांची मोहिनी कशात आहे, हे बहुधा त्या मुलांनाही नेमके सांगता येणार नाही. आपल्या देवकाची गोष्ट माहीत असलेल्या आजीला मात्र ते लगेच कळेल.

आपल्याजवळच्या भूमीने जगाला आणखी एक राखणदार दिला आहे. रुडयार्ड किपलिंगचे 'द जंगल बुक' १८९४ साली आले. त्यातल्या मोगलीच्या कथा मध्य प्रदेशातल्या शिवनीच्या जंगलात घडतात आणि त्यात वाहणारी वैनगंगा पुढे आपल्या भंडारा-चंद्रपुराकडे येते. त्या कथांत बाळू अस्वल मोगलीला निरनिराळ्या प्राण्यांच्या भाषेत एक परवलीचा शब्द शिकवते. त्याचा अर्थ असा, की आपले रक्त एक आहे. मोगली वाचतो तो या शब्दामुळे. पण त्याच जंगलात शेरखानही आहे, हे किपलिंग विसरत नाही.

आपल्यालाही ते विसरून चालणार नाही. प्राण्याशी नाते सांगणे सोपे असते, जोवर तो प्राणी पुस्तकात किंवा शिळेवर असतो. यवतमाळ जिल्ह्यात तो खराखुरा समोर येतो.

वाघाशी असलेले नाते या मुलखात फार जुने आहे. यवतमाळ शहराला लागून वाघापूर आहे, घाटंजीकडे वाघाडी नदी आहे. ही नावे कुणी शोभेसाठी ठेवलेली नाहीत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर लिहिलेला चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात अशी नोंद आहे, की वाघाच्या कुळातले लोक वाघ मेल्याचे कळले की घरातली मातीची भांडी टाकून देत. घरातला माणूस गेल्यावर जसे सुतक पाळायचे, तसे हे सुतक. कोकणपट्टीत ठाणे-पालघरकडे वारली लोक वाघोबाला मानतात. लाकडाच्या किंवा दगडाच्या फळीवर वाघ, वर चंद्र-सूर्य, आणि शेंदूर. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी अभ्यासकांनी मोजली आणि २०२१ साली त्याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला त्याची पूजा होते. हा वाघोबा गोड स्वभावाचा नाही. तो आपला आहे आणि त्याची भीतीही वाटते. त्याच्याशी एक प्रकारचा करार असतो. वर्षातून एकदा तुला मान देऊ, नैवेद्य देऊ, तू आमच्या गुराढोरांना आणि लेकराबाळांना सांभाळ. घरातल्या तापट वडीलधाऱ्याशी आपण जसे वागतो, तसेच हे.

या पार्श्वभूमीवर २०१८ साल आठवावे. पांढरकवडा आणि राळेगाव भागात, अभयारण्याच्या बाहेर, कपाशीची शेते आणि तुटक जंगल यांच्या सरमिसळीत एक वाघीण दोन बछड्यांसह वावरत होती. वन विभागाच्या कागदावर ती 'टी-१'. २०१६ पासून दोन वर्षांत झालेल्या १३ माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता. मेलेली माणसे शेतकरी, शेतमजूर, गुरे राखणारी होती. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घालण्यात आली. दिवाळी तोंडावर होती. गावांत लोकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला, फटाके वाजवले. मोठ्या शहरांत तिच्यासाठी मोर्चे निघाले, मेणबत्त्या पेटल्या. तिथे तिचे नाव होते 'अवनी'. गोळी घालण्याची पद्धत नियमाला धरून होती की नाही, यावर पुढे बराच वाद झाला.

त्या वादात कुणाचे बरोबर होते, हा निकाल द्यायला मी बसलेलो नाही. पण दोन्ही बाजूंची भाषा ऐकताना एक गोष्ट खटकत राहिली. मेणबत्ती लावणाऱ्यांसाठी ती वाघीण एक प्रतीक होती. शूर, स्वतंत्र, पिलांसाठी झुंजणारी आई. म्हणजे जवळजवळ पॅट्रोनसच. ज्याच्या शेताच्या बांधावर तिच्या पायाचे ठसे होते, त्याच्यासाठी ती प्रतीक नव्हती. त्याला संध्याकाळी ओलिताला जायचे होते, गुरे घरी आणायची होती. आणि सरकारच्या कागदावर ती एक क्रमांक होती. प्रतीक, संकट आणि क्रमांक या तिन्ही भाषांत 'नातलग' हा शब्द कुठेच नव्हता. जुन्या व्यवस्थेत वाघ मारणे हे कधी ना कधी भाग पडे, तेही घडे. पण मारल्यावर भांडी टाकण्याची चाल होती. भीतीही खरी आणि सुतकही खरे, ही दोन्ही एकाच घरात नांदू शकत. आज भीती गावाकडे राहिली आणि सुतक शहराकडे गेले. दोघे एकमेकांवर रागावले.

याच्या पुढची गोष्ट थोडी वेगळी आहे. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचे. तिथे वाढलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ च्या सुरुवातीला रेडिओ कॉलर बांधली होती. पावसाळ्याच्या सुमाराला तो स्वतःचा मुलूख शोधायला निघाला. पैनगंगेच्या दोन्ही बाजूंनी, आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असे जिल्हे ओलांडत वर्षाअखेरीस तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सुमारे १३०० किलोमीटर. या वाटेत जंगल थोडे आणि शेते, रस्ते, गावेच जास्त. पुष्कळ ठिकाणी तो रात्रीचा गेला आणि गावाला पत्ताही लागला नाही. तो वाटेत जिवंत राहिला, याचे श्रेय नशिबाला आहे, नाल्याकाठच्या झाडीला आहे, आणि ज्यांनी पाहूनही त्याला जाऊ दिले त्या माणसांनाही आहे. त्यांच्यापैकी कितीजणांच्या घरी वाघोबाचा दगड होता, कुणी मोजलेले नाही.

आज या साऱ्या गोष्टी विस्मरणात जाण्याच्या मार्गावर आहेत. किंगरी वाजवणारे परधान कमी होत चालले आहेत. कोलाम पोडांवरची मुले आश्रमशाळेत मराठी पुस्तके वाचतात आणि कोलामी फक्त घरी बोलतात. आडनाव अर्जावर लिहिण्यापुरते उरते. त्यामागचे झाड किंवा पाखरू विचारले, तर "आजोबांना ठाऊक होते" असे उत्तर येते. आणि जे जीव कुळांना सोपवले होते, त्यांतले कित्येक आता शिवारात दिसतच नाहीत. ज्याची राखण करायची तोच राहिला नाही, तर राखणदाराने करायचे काय?

पुस्तकातल्या राखणदारांवर मुलांनी कथा लिहू नयेत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. उलट त्या लिहाव्यात. प्राण्याशी आपले काही नाते आहे, ही ओढ त्या कथांनी जागी ठेवली, हे त्यांचे उपकारच आहेत. फक्त शिक्षकांनी आणि पालकांनी त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारावा. आपले देवक काय? आपल्या कुळाचा जीव कोणता? घरात कुणी वृद्ध असेल तर मुलानेच त्यांच्यापाशी बसून ते लिहून घ्यावे, जमल्यास त्यामागची गोष्टही. मराठी घरातल्या मुलाने आणि गोंड-कोलाम घरातल्या मुलाने आपापल्या वह्या शेजारी ठेवून पाहाव्यात. एकाच्या वहीत मोरपीस निघेल, दुसऱ्याच्या वहीत साग.

आणि लिहून झाले, की तो जीव गावाच्या शिवारात कुठे उरला आहे, तेही एकदा जाऊन पाहावे. साग असेल तर त्याची रोपे जगतात का, पाखरू असेल तर त्याचे घरटे कोणत्या झाडावर आहे, कासव असेल तर नाल्याला उन्हाळ्यात पाणी राहते का. आपला राखणदार संकटात आपल्यासाठी धावून यावा, असे प्रत्येकालाच वाटते. त्याच्यावर संकट आले आहे, आणि धावून जाण्याची पाळी आता आपली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)